युद्ध संपलं, जीप उरली

१९४६ साल. बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यातल्या कलाईकुंडा विमानतळावर युद्धातून उरलेल्या सामानात एक विचित्र गाडी उभी होती. अंग होडीचं, चाकं जीपची. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर दलात मेजर असलेला बेन कार्लिन हा ऑस्ट्रेलियन अधिकारी तिच्याभोवती फिरला. थोडी दुरुस्ती केली तर ही गाडी घेऊन साऱ्या जगाला फेरी मारता येईल, असं तो सोबतच्या मित्राला म्हणाला. म्हणताना ते बोलण्याच्या ओघात निघून गेलं असेल, पण त्याच्या डोक्यातून ती गाडी पुढची बारा वर्षं गेली नाही.

फोर्ड कंपनीची ही ‘जीपीए’. नद्या ओलांडण्यासाठी १९४२-४३ मध्ये अशा सुमारे १२,७०० गाड्या बांधल्या गेल्या. तिचा काठ पाण्याच्या वर जेमतेम राही. संथ नदीत ती चाले, लाटा उठल्या की आत पाणी भरे. सैनिकांचा तिच्यावर विश्वास बसला नाही आणि उत्पादन लवकरच थांबलं. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. कार्लिनने १९४७ मध्ये अमेरिकेत त्यातलीच एक सुमारे ९०० डॉलरना विकत घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘हाफ-सेफ’.

जेमतेम १५ फूट लांब आणि ५ फुटांहून किंचित रुंद अशी ही गाडी. कार्लिनने तिला पुढे नवी नाळ जोडली, मागे सुकाणू लावलं, उघड्या टपाच्या जागी पेटीसारखी बंद कॅबिन उभी केली आणि इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या. या कॅबिनमध्ये तो आणि त्याची पत्नी एलिनोर अशा दोघांनी राहायचं होतं. चालकाची जागा, झोपायची जागा, होकायंत्र, रेडिओ, खाण्यापिण्याचं सामान, सगळं तिथेच. एक जण सुकाणू धरी तेव्हा दुसऱ्याने अंग टाकायचं. सुरुवातीचे प्रयत्न फसले. एकदा तर इंजिनाचा धूर कॅबिनमध्ये कोंडून दोघांच्या जिवावर बेतलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद गाडीत राहणाऱ्या माणसाचा हा पहिला शत्रू, आणि आजही तोच आहे.

१९ जुलै १९५० रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातून ते निघाले. मागे इंधनाची टाकी दोराने ओढत नेली. ३२ दिवसांनी अझोर्स द्वीपसमूहातल्या फ्लोरेस बेटाला लागले. पुढे मादेरा, आफ्रिकेचा किनारा, मोरोक्को, युरोप असं करत इंग्लंडला पोचले. पैसे संपले होते, गाडी खिळखिळी झाली होती. कार्लिनने तिथे तिची पुन्हा बांधणी केली, प्रवासावर पुस्तक लिहिलं आणि १९५५ मध्ये परत चाकं हलवली. मध्यपूर्वेतून ‘हाफ-सेफ’ भारतात आली, कोलकात्यापर्यंत गेली. सतत बोट लागण्याने आणि त्या खुराड्यातल्या वास्तव्याने थकलेल्या एलिनोरने या टप्प्यावर साथ सोडली. कार्लिन पुढे ब्रह्मदेश, थायलंड, व्हिएतनाम, जपान आणि अलास्का असा गेला आणि मे १९५८ मध्ये माँट्रियलला पोचला. पाण्यावरून सुमारे १७,००० आणि जमिनीवरून सुमारे ६२,००० किलोमीटर. ती गाडी आता पर्थमध्ये, कार्लिन शिकला त्या गिल्डफर्ड ग्रामर स्कूलमध्ये ठेवलेली आहे.

या प्रवासाची आठवण निघते ती बहुतेक वेळा समुद्रावरच्या धाडसासाठी. पण जुन्या दणकट गाडीत घर थाटणाऱ्यांच्या इतिहासात ‘हाफ-सेफ’चं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. लष्कराला नकोशी झालेली गाडी एका माणसाने स्वस्तात घेतली, तिच्यावर स्वतःच्या हाताने छप्पर चढवलं, आत बिछाना घातला आणि तिच्यात वर्षानुवर्षं राहिला. आज जगभर हजारो लोक जे करतात त्याचं सगळं सार या एका गाडीत होतं. आणि हे लोक जे सामान वापरतात, त्यातलं बरंचसं त्याच युद्धाने मागे सोडलेलं आहे.

जीपपासूनच पाहू. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. शांतता झाली तेव्हा त्या ब्रिटनच्या शेतांत, फिलिपाइन्सच्या रस्त्यांवर, आसामच्या जंगलात, जिथे होत्या तिथेच राहिल्या. त्यांच्याबरोबर राहिले वीस लिटरचे लोखंडी कॅन. हा कॅन मूळचा जर्मन सैन्याचा, १९३७ सालचा. पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून एकमेकांना जोडलेले, जोड आत दबलेला, कुशीवर ताकदीसाठी उठवलेली फुली, आणि वर एकाऐवजी तीन मुठी, म्हणजे रिकामे दोन कॅन एका हातात धरता येतात. आत हवेची पोकळी राहत असल्याने भरलेला कॅनही पाण्यावर तरंगतो. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे गळून इंधन वाया जात होतं. त्यांनी शत्रूचे कॅन हस्तगत केले आणि मग हुबेहूब तसेच बनवायला घेतले. लांबच्या वाटेला निघालेल्या गाडीच्या पाठीवर हा कॅन आजही दिसतो. ऐंशीहून अधिक वर्षांत त्याच्या आकारात फरक करावा असं कुणाला वाटलं नाही, याहून मोठी पावती त्याच्या कारागिरांना दुसरी कोणती मिळणार?

वाळूत रुतलेलं चाक सोडवायच्या पट्ट्यांची गोष्टही अशीच. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घातलं. चाकाखाली घालायला त्याने पोलादी पन्हाळ्या वापरल्या. त्या त्याला कैरोच्या भंगारवाल्याकडे मिळाल्या होत्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला त्या बनवल्या होत्या, असं सांगतात. पुढच्या युद्धात अमेरिकेने तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी भोकं पाडलेल्या पोलादी फळ्या बनवल्या. दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, वजन सुमारे ३० किलो, आणि प्रत्येकीला ८७ भोकं. विमानं उडून गेली, फळ्या राहिल्या. त्या कापून सहारा ओलांडणाऱ्यांनी गाडीच्या कुशीला बांधल्या. आता त्या जागी हलक्या प्लॅस्टिकच्या रंगीत पट्ट्या आल्या आहेत, काम तेच.

लँड रोव्हरचा जन्मही उरलेल्या जीपमधून झाला. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती आणि तिथे ते लष्कराची जुनी जीप वापरत. ती मोडली तर काय घ्यायचं, या प्रश्नातून त्यांनी १९४७ मध्ये नवी गाडी आखली. पहिला नमुना जीपच्याच चासीवर उभा राहिला. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून वरचं अंग ‘बर्माब्राइट’ या अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचं केलं. महागडे साचे परवडणारे नव्हते, म्हणून पत्रे शक्य तितके सपाट ठेवले. रंग सुरुवातीला हिरवाच, कारण लष्कराच्या साठ्यातून तोच मिळत होता.

टंचाईने घडवलेल्या या गोष्टी पुढे हौशी कारागिरांसाठी वरदान ठरल्या. सपाट पत्रा साध्या कात्रीने कापता येतो, त्यात खिडकी बसवता येते. दरवाजाचा वरचा भाग, टप, कुशीचे पत्रे, मागचं फळकूट, सगळं नट-बोल्टने जोडलेलं, म्हणजे मुलांच्या मेकॅनोसारखं सोडवून पुन्हा जोडता येणारं. उष्ण देशांसाठी कंपनी दुहेरी टप देई. मूळ पत्र्याच्या वर थोडं अंतर सोडून दुसरा पत्रा, मधून हवा खेळती. आत झोपणाऱ्याला दुपारी जीव नकोसा होऊ नये याची सोय कारखान्यातूनच झालेली होती. अ‍ॅल्युमिनिअम गंजत नाही, हा समज मात्र पुरता खरा नाही. ते पोलादाला टेकतं तिथे, ओलावा मिळाला की, पांढरी भुकटी होऊन झडू लागतं. जुनी लँड रोव्हर घेणारा जाणकार आधी वरचा रंग बघत नाही. तो खाली वाकून चासीवर हातोडी ठोकतो आणि मग दरवाजाच्या कडा तपासतो.

१ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरहून अशा दोन गाड्या निघाल्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांतले सहा तरुण त्यांत होते, आणि गाड्यांची नावंही तीच. एक गडद निळी, एक फिकट निळी. बीबीसीतल्या तरुण डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी त्यांना चित्रीकरणासाठी फिल्म दिली होती. जायचं होतं सिंगापूरला, सगळं जमिनीवरून. युरोप, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान, भारत इथवर वाट होती. खरी अडचण भारताच्या पूर्व टोकाला होती. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशात जाणारा रस्ता जपान्यांशी लढताना अमेरिकी सैन्याने डोंगर फोडून बांधला होता. चीनमधल्या कुनमिंगपर्यंत त्याची लांबी सुमारे १,७०० किलोमीटर. युद्ध संपल्यावर तो सोडून दिला गेला आणि दहा पावसाळ्यांत जंगलाने जवळजवळ गिळला. हे सहा जण त्याच रस्त्याने गेले. ६ मार्च १९५६ रोजी ते सिंगापूरला पोचले. टिम स्लेसर यांनी त्यावर लिहिलेलं ‘फर्स्ट ओव्हरलँड’ हे पुस्तक पुढे दोन पिढ्या घराबाहेर पडणाऱ्यांच्या हाती राहिलं.

या गाड्या राहायच्या नव्हत्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८६ इंच. सहा माणसं आणि त्यांचं सामान म्हटल्यावर आत पाय पसरायला जागा कुठून असणार! पण एवढ्या लांबच्या प्रवासात गाडीच घर होते, हे या मोहिमेने ठसवलं. ‘केंब्रिज’ नंतरच्या एका मोहिमेत इराणमध्ये दरीत कोसळून गेली. ‘ऑक्सफर्ड’ दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर दशकानुदशकं पडून होती. २०१७ मध्ये ती ब्रिटनला आणून दुरुस्त केली गेली आणि २०१९ मध्ये सिंगापूरहून उलट दिशेने लंडनपर्यंत चालवत नेली. स्लेसर स्वतः ८७व्या वर्षी त्या प्रवासाला निघणार होते. ऐनवेळी प्रकृतीने साथ दिली नाही, तेव्हा त्यांच्या जागी नातू बसला. साठ-पासष्ट वर्षांची गाडी पुन्हा अर्धी पृथ्वी ओलांडू शकते, कारण तिच्यातला प्रत्येक भाग हाताने उघडता येतो.

गाडीत बिछाना, चूल आणि मोरी आणण्याचं काम धंदा म्हणून ज्यांनी केलं, त्यांत इंग्लंडच्या फोकस्टनमधल्या मार्टिन वॉल्टर कंपनीचं नाव पहिलं घ्यावं लागतं. १७७३ मध्ये घोड्यांचे साज बनवण्यापासून सुरू झालेला हा धंदा. पुढे बग्ग्या, मग मोटारींचे सांगाडे, आणि १९५० नंतर ‘डॉर्मोबिल’ नावाने राहत्या गाड्या. फ्रान्सला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत लोक मोटारीत अवघडून झोपतात, हे पाहून कंपनीला ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगितली जाते. साठच्या दशकात त्यांनी १०९ इंची लँड रोव्हर घेतली आणि तिचा टप कापून त्यावर नवा बसवला. तो एका कडेला बिजागऱ्यांवर टेकलेला असे आणि दुसरी कड वर उचलली की रंगीत पट्ट्यांचं कापड तंबूसारखं ताणलं जाई. खाली उभं राहता येई, वर कापडी स्ट्रेचरसारखे दोन बिछाने उघडत. खालच्या खुर्च्या पाठी पाडून सपाट होत. गॅसची छोटी शेगडी, पाण्याची टाकी, कपड्यांचं कपाट, सगळं काही त्या लांबीत. सर्ल कंपनीची ‘कॅरावॅगन’ ही त्याच काळातली दुसरी अशी गाडी.

हा धंदा वाढला त्यात कराचा मोठा वाटा आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा मोटारींवर खरेदी कर होता. मालवाहू व्हॅन त्यातून सुटलेली, पण तिला मागे खिडक्या पाडून माणसं बसवली की कर लागू होई. पक्का बिछाना आणि स्वयंपाकाची सोय असलेली राहती गाडी मात्र करमुक्त होती. १९७३ मध्ये खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला तेव्हा ही सवलत गेली. तोपर्यंत एक संपूर्ण पिढी घरामागच्या आवारात प्लायवूड कापायला शिकली होती. डॉर्मोबिलची गाडी सगळ्यांना परवडण्यासारखी नव्हती. लोक तिची छायाचित्रं पाहत, मापं घेत आणि शेतकऱ्याने वापरून टाकलेल्या लँड रोव्हरवर तेच स्वतः करून बघत. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये फोक्सवागनच्या व्हॅनसाठी एक सुटी पेटी काढली होती. शेगडी, कप्पे आणि बिछाना त्या पेटीभोवती, आणि सुट्टी संपली की पेटी काढून गाडी पुन्हा कामाला. घरी गाडी बांधणाऱ्यांनी ही कल्पनाही उचलली आणि ती आजवर टिकून आहे.

साठ आणि सत्तरच्या दशकांत अशा गाड्या युरोपातून भारताकडे निघू लागल्या. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, खैबरखिंड, लाहोर, दिल्ली. तिथून कुणी काठमांडूला जाई, कुणी दक्षिणेला वळून गोव्यात हणजुणेच्या माडांखाली गाडी लावी आणि अख्खा हिवाळा तिथे काढी. गोवेकरांनी त्या वर्षांत नाना तऱ्हेच्या राहत्या गाड्या पाहिल्या. हौसेने आणलेली गाडी इथे विकून परतावं असं पुष्कळांच्या मनात येई, पण ते सोपं नव्हतं. गाडी देशात येते तेव्हा ‘कार्ने’ नावाच्या कागदावर तिची नोंद होते. ती परत बाहेर गेली नाही तर जकात भरावी लागते, आणि त्यासाठी मालकाच्या देशातल्या मोटार संघटनेने हमी दिलेली असते. भारतीय गाडी परदेशी न्यायची तर असाच कागद लागतो. तो देणाऱ्या संस्थांत १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन जुनी आणि मानाची. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं, आणि ती वाट बंद पडली. पुष्कळांनी आफ्रिकेकडे तोंड वळवलं.

आत काय करतात, ते जरा जवळून पाहिलं पाहिजे, कारण या छंदाचं खरं शहाणपण तिथेच साठलेलं आहे. पहिला हिशेब वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन माणसांचं आठवड्याचं पाणी, इंधनाचे कॅन, दुसरी बॅटरी, अवजारं, लाकडी कपाटं असं करता करता पाटे सपाट होतात आणि चढावर गाडी धापा टाकते. म्हणून जड वस्तू खाली आणि दोन्ही आसांच्या मधे ठेवायच्या, टपावर फक्त हलकं सामान. टपावर दोन स्टेपन्या आणि चार कॅन चढवलेली गाडी फोटोत रुबाबदार दिसते, पण आडव्या उतारावर तीच आधी कलंडते. मागचे पाटे जादा पानांचे बसवतात. चाकं आणि ब्रेक यांच्या मूळ क्षमतेच्या पलीकडे न जाणं हे जाणत्याचं लक्षण.

दुसरा हिशेब ओलाव्याचा. माणसाच्या श्वासातून रात्रभर बाहेर पडणारी वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. जुने लोक आतून नमदा किंवा बूच चिकटवत, आता बंद छिद्रांचा फोम लावतात. त्याने थंडी अडते, वाफ तरीही कुठे ना कुठे जमते. उपाय एकच, वर एक आणि खाली एक अशी झडप कायम उघडी ठेवायची. गॅसची शेगडी असली तर खालची झडप टाळताच येत नाही, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साठतो. विजेसाठी दुसरी बॅटरी लावतात. इंजिन चालू असताना ती भरते आणि बंद झालं की पहिल्या बॅटरीपासून आपोआप तुटते, म्हणजे रात्रभर दिवा जळला तरी सकाळी गाडी सुरू होते. या युक्त्या कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत नाहीत. त्या एकाच्या आवारातून दुसऱ्याच्या आवारात गेल्या.

जुन्या, साध्या गाडीवर इतकी भिस्त का, याचं सगळ्यात मोठं उत्तर गुंथर होल्टोर्फ यांनी दिलं. विमान कंपन्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या या जर्मन गृहस्थांकडे १९८८ सालची मर्सिडीज जी-वागन होती. तीन लिटरचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, ८८ अश्वशक्ती, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. नाव ‘ओट्टो’. त्यांनी मागच्या खुर्च्या काढून फळ्यांवर गादी टाकली आणि खाली सुट्या भागांच्या पेट्या लावल्या. पत्नी क्रिस्टिन यांच्यासोबत ते हॉटेल टाळून गाडीतच झोपत किंवा बाहेर झोळी बांधत, स्वयंपाक स्वतः करत. कंपन्यांकडून पैसे घेतले नाहीत. गाडी मंजूर वजनापेक्षा जवळजवळ अर्धा टन जड झालेली, म्हणून स्प्रिंगा आणि धक्केरोधक सतत बदलावे लागत. बदलायचे आणि पुढे जायचं, हे त्यांना जमलं होतं. इंजिन आयुष्यभर तेच राहिलं. २०१० मध्ये क्रिस्टिन गेल्या. होल्टोर्फ पुढे जात राहिले. २०१४ मध्ये ओट्टो थांबली तेव्हा २६ वर्षांत तिने पावणेदोनशेहून अधिक देश आणि प्रदेश ओलांडून ९ लाख किलोमीटरच्या जवळ मजल मारली होती. ती आता श्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात आहे. आतली गादी आणि पेट्या पाहिल्या तर त्यांत एकही वस्तू अशी नाही जी सुताराला आणि फिटरला करता येणार नाही.

लष्कराच्या उरलेल्या सामानाची परंपराही चालूच राहिली. लँड रोव्हरने सत्तरच्या दशकात ब्रिटिश सैन्यासाठी ‘१०१’ नावाची पुढे सपाट तोंडाची गाडी बनवली. साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, एकूण उत्पादन अडीच हजारांहून थोडं जास्त. त्यातल्या काहींवर केंब्रिजच्या मार्शल कंपनीने चार स्ट्रेचर मावणारी रुग्णवाहिका बांधली. नव्वदच्या दशकात सैन्याने त्या विकायला काढल्या आणि घर बांधणाऱ्यांनी उचलल्या. पुढे ‘डिफेंडर १३०’च्या रुग्णवाहिका आल्या, त्याही आता त्याच वाटेने जातात. जखमी माणसाला नीट झोपवता यावं म्हणून लांबी मिळालेली, त्याला थंडी वाजू नये म्हणून भिंती दुहेरी केलेल्या, परिचारकाला वावरता यावं म्हणून टप उंच, आत दिवे आणि उष्णतेची सोय. डॉर्मोबिलला टप कापून जे साधावं लागलं, ते इथे आयतं. जुन्या गाडीत घर करू पाहणाऱ्याला आज कुणी एकच सल्ला द्यायचा तर तो रुग्णवाहिकेकडे बोट दाखवूनच द्यावा.

भारतात जीपची जुळणी मुंबईतून सुरू झाली. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमाराला विलिसच्या जीप सुट्या भागांतून जुळवायला घेतल्या, त्या माझगावात. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. ही जीप पुढे इतकी रुजली की साखर कारखान्याच्या चेअरमनपासून वनखात्याच्या रेंजरपर्यंत सगळ्यांची तीच गाडी. लष्कराच्या लिलावात निघालेली ‘डिस्पोजल’ची जीप घ्यायची, पाटे बदलायचे, नवं हूड शिवून घ्यायचं, हे काम खेडोपाडीच्या गॅरेजांनी दशकानुदशकं केलं. ताडपत्रीच्या हुडाखाली फळी टाकून झोपणं शिकाऱ्यांना, सर्वेक्षण करणाऱ्यांना, जत्रेला निघालेल्या घरांना नवं नव्हतं. फक्त त्याला कुणी वेगळं नाव दिलं नाही.

आज हौसेने जुनी जीप घेऊन तिच्यात घर करायला निघालेल्याला पहिली गाठ पडते ती मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाशी. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम आणखी स्पष्ट केला, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येणार नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते मुख्यत्वे भाड्याने फिरवायच्या गाड्यांना आणि त्या लावायच्या जागांना डोळ्यांसमोर ठेवून. वैयक्तिक मालकाने जुन्या जीपचा टप कापण्याला त्यात वाट नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि तपासणीला गाडी मूळ रूपात हजर करायची, असा हा व्यवहार आहे.

जीव, रस्ता आणि विमा यांचा विचार केला तर नियम असायलाच हवेत. पण नीट बांधलेल्या, अभियंत्याने तपासलेल्या एकेकट्या गाडीला मंजुरी देण्याची सुटसुटीत सोय आपल्याकडे झाली पाहिजे. जुन्या जीप आपल्याकडे उदंड आहेत आणि त्या उघडून जोडणारे मिस्त्री तालुक्याच्या गावी अजून सापडतात. तोवर वेस्टफालियाची १९५१ सालची युक्तीच कामी येते. जीपच्या मागच्या भागाच्या मापाची प्लायवूडची पेटी करायची. एका कप्प्यात शेगडी, एका कप्प्यात पाण्याचा कॅन, वर दोन पदरी फळ्या, त्या उलगडल्या की झोपायची जागा. पत्र्याला भोक पाडायचं नाही, मूळ बोल्टांच्या जागीच पट्टे आवळायचे, आणि आरटीओत जाण्याआधी दोघांनी धरून पेटी उतरवून ठेवायची.